साकीच्या कथा: शंभर वर्षं झाली, तरी शिळ्या का होत नाहीत?

उंबरठा

मंडळी, गेले दोन महिने रोज रात्री जेवणं झाली की मी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, एक गोष्ट वाचून दाखवते. त्यांचं वय ७९. काचबिंदूनं नजर गेल्यात जमा आहे आणि पुस्तक उशाशी घेऊन झोपायची सवय जन्माची. घरातलं मराठी संपत आलं तेव्हा एका रात्री मी साकी ह्या इंग्रजी लेखकाचा कथासंग्रह काढला. अण्णांना इंग्रजी येत नाही. मी एकेक वाक्य मनात वाचते आणि मराठीत सांगत जाते.

पहिल्या रात्री 'द ओपन विंडो' सांगितली. (वाचली नसेल तर इथंच थांबा आणि आधी ती वाचा. हजार-बाराशे शब्दांची आहे, चहा निवायच्या आत संपते. पुढे मी सगळं उघड केलंय.)

फ्रॅम्टन नटल हा माणूस मनाचा थकवा घालवायला खेडेगावात आलाय. बहिणीनं ओळखीच्या चिठ्ठ्या दिल्यात, त्यातली एक घेऊन तो सॅपलटनबाईंकडे जातो. बाई खाली येईपर्यंत त्यांची पंधरा वर्षांची भाची व्हेरा पाहुण्याशी बोलत बसते. ती सांगते की ऑक्टोबरातही ही मोठी खिडकी उघडी असते, कारण तीन वर्षांपूर्वी आजच्याच दिवशी मावशीचा नवरा आणि दोन भाऊ ह्याच खिडकीतून शिकारीला गेले आणि दलदलीत गडप झाले. प्रेतंसुद्धा मिळाली नाहीत. मावशीला मात्र वाटतं, ते येतील. मग बाई येतात, खिडकीकडे बघत 'आत्ता येतील हं' म्हणतात आणि तिन्हीसांजेच्या उजेडात हिरवळीवरून खरंच तिघं जण चालत येतात, पायाशी कुत्रा. नटल काठी-टोपी उचलून वाट फुटेल तिकडे पळतो.

मी त्या सुरुवातीच्या संवादापाशी होते. व्हेरा विचारते, 'इथं तुमच्या फार ओळखी आहेत का?' 'कुणाचीच नाही म्हणा ना.' 'म्हणजे माझ्या मावशीबद्दल तुम्हाला काहीच ठाऊक नाही तर?' इथं अण्णांनी हात वर केला. 'थांब. ही पोरगी आता काहीतरी रचणार.' अण्णांनी ३२ वर्षं एसटीत कंडक्टरकी केली. म्हणाले, 'जो आधी आपली माहिती काढून घेतो, तोच नंतर गोष्ट सांगतो. गाडीत रोज एक भेटायचा.'

मी ही कथा अकरावीपासून वाचतेय. तो प्रश्न माझ्या डोळ्यांत कधी भरला नव्हता. नंतर पुन्हा वाचली तेव्हा कळलं की सगळी कथा त्या प्रश्नावर उभी आहे. साकीनं तो लपवलेला नाही, अगदी समोर ठेवलाय, फक्त त्याकडे बोट दाखवलेलं नाही. मला वाटतं ह्या कथा टिकल्या त्या ह्यामुळे. वाचणाऱ्याला अक्कल आहे असं हा माणूस धरूनच चालतो.

आता अडचण. शेवटचं वाक्य आहे: 'रोमान्स अ‍ॅट शॉर्ट नोटिस वॉज हर स्पेशालिटी.' इथं रोमान्स म्हणजे प्रेमप्रकरण नव्हे, अद्भुत रचलेली गोष्ट. मी तिथं अडखळले. घाईत 'ती थापा मारण्यात पटाईत होती' असं म्हणून मोकळी झाले आणि पूर्ण कथेवर पाणी पडलं. अण्णा म्हणाले, 'ते तर आम्हाला मघाशीच कळलं होतं.'

तर दोन प्रश्न आहेत. तुम्हाला साकी का आवडतो (किंवा का आवडत नाही)? आणि ह्या वाक्याचं मराठी काय करावं?

जुनी_वही

फार दिवसांनी मनाजोगता धागा आला.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: साकी म्हणजे हेक्टर ह्यू मन्रो. जन्म १८ डिसेंबर १८७०, ब्रह्मदेशातल्या अक्याबचा (आजचं सित्त्वे). वडील तिथं पोलीस खात्यात मोठे अधिकारी. हेक्टर स्वतःही १८९३ मध्ये ब्रह्मदेशात पोलिसांत नोकरीला आला होता, पण तापानं इतका खचला की वर्ष-सव्वा वर्षात परत गेला. मग लंडनला वर्तमानपत्रांत लिहू लागला.

टोपणनाव 'साकी' हे उमर खय्यामच्या रुबायांतलं, फिट्झजेराल्डच्या इंग्रजी भाषांतरातून उचललेलं. म्हणजे पेला भरून देणारा साकी. हा शब्द आपल्याला परका नाही. माधव जूलियनांनी खय्याम मराठीत आणला, एकदा मूळ फारसीवरून आणि एकदा फिट्झजेराल्डवरून. आपल्याकडे साकी म्हटलं की मैफल आठवते. ह्या लेखकाचे कपड्यालत्त्यात चोख, जिभेनं तिखट तरुण, रेजिनाल्ड आणि क्लोव्हिस, हेही मैफलीतलेच. बोलायला बसले की समोरचा निरुत्तर.

पाणकावळा

उंबरठाताई, तुम्ही 'मावशी' आणि 'भाची' म्हणालात. मूळ इंग्रजीत नुसतं आंट आणि नीस आहे. तुम्ही मावशी का धरलीत? सहज विचारतोय, कारण साकी मराठीत आणताना खरी गोम मला इथंच दिसते.

मन्रो दोन वर्षांचा होण्याच्या सुमाराला त्याची आई गेली. ती बाळंतपणासाठी इंग्लंडला आली होती, तिथं एक गाय अंगावर धावून आली, गर्भपात झाला आणि त्यातच ती वारली. तिन्ही मुलं, एथेल, चार्ल्स आणि हेक्टर, डेव्हन परगण्यात बार्नस्टेपलजवळच्या पिल्टन गावी आजीच्या घरी ठेवली गेली आणि त्यांना वाढवलं शार्लट आणि ऑगस्टा ह्या वडिलांच्या दोन बहिणींनी. म्हणजे आत्यांनी. दोघींचं आपसांत पटत नव्हतं, शिस्त भयंकर होती, आणि त्याचे वळ ह्या माणसाच्या कथांत आयुष्यभर दिसतात.

आपल्याकडे 'माय मरो पण मावशी जगो' म्हणतात. मावशी म्हटलं की मराठी माणसाच्या मनात ऊब येते, आणि साकीच्या आंटमध्ये ऊब औषधालाही नाही. 'द लंबर रूम'मधली बाई तर निकोलसच्या मावसभावंडांची की चुलतभावंडांची कोण लागते ती, त्याची थेट कुणीच नाही. साकी मुद्दाम लिहितो की ती ओढूनताणून स्वतःला त्याचीही आंट म्हणवून घेते. इंग्रजीत हे अर्ध्या वाक्यात होतं. मराठीत नातं ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही! मी तिला 'आत्याबाई' करतो. त्या 'बाई'मध्ये जरब आहे.

उंबरठा

पाणकावळा, मनापासून आभार. मी मावशी म्हणाले कारण तोंडात तेच आलं. 'द लंबर रूम' अजून सांगितलेली नाही, तिथं आत्याबाई नक्की. 'ओपन विंडो'त मात्र मावशी राहू द्यावी का? त्या सॅपलटनबाई बिचाऱ्या साध्या आहेत, नवरा चिखलाचे बूट घेऊन येईल एवढीच त्यांची काळजी. त्यांना मावशीची ऊब शोभते.

चिंचोके

मी सहावी-सातवीच्या मुलांना शिकवते. 'द स्टोरीटेलर' दरवर्षी सांगते.

आगगाडीचा डबा, उकाडा, तीन मुलं, एक आंट आणि कोपऱ्यात एक अनोळखी अविवाहित माणूस. आंट एक गुणी मुलीची गोष्ट सांगते, चांगली होती म्हणून सगळ्यांनी तिला वाचवलं वगैरे. मुलं विचारतात, 'चांगली नसती तर वाचवलं नसतं का?' आंटकडे धड उत्तर नाही. मग तो माणूस त्याची गोष्ट सांगायला लागतो: बर्था नावाची मुलगी होती, ती 'भयंकर चांगली' होती.

ह्या दोन शब्दांवर वर्ग जागा होतो. दरवर्षी. मी मराठीत सांगते तेव्हाही. मागच्या बाकावरची, खिडकीबाहेर बघणारी मुलं माना वळवतात, कारण 'चांगली'च्या आधी 'भयंकर' लावायची हिंमत आजवर कुठल्याच मोठ्या माणसानं त्यांच्यासमोर केलेली नसते.

बर्थाला चांगुलपणाची तीन पदकं मिळालेली असतात: आज्ञाधारकपणा, वक्तशीरपणा आणि सद्वर्तन. लांडगा येतो, ती झुडपात लपते, भीतीनं थरथरते आणि पदकं एकमेकांवर वाजतात. त्या आवाजानं लांडगा तिला हुडकतो. मी इथं दोन चाव्या एकमेकींवर हलकेच आपटते. शांतता.

आणि खरं सांगते, एकाही मुलाला त्या शेवटानं धक्का बसलेला मी पाहिला नाही. त्यांना न्याय झाल्यासारखं वाटतं. बर्थाबद्दल त्यांच्या मनात राग नसतो. तिचं उदाहरण देऊन ज्यांनी आपल्याला छळलं, त्यांच्यावर राग असतो. साकी मुलांच्या बाजूनं उभा राहतो आणि 'मी तुमच्या बाजूनं आहे' असं एकदाही म्हणत नाही. म्हणून मुलं त्याच्यावर विश्वास ठेवतात.

घाटवाट

चाव्यांची युक्ती घेतली हं. माझ्या लेकीवर आज रात्री प्रयोग.

रातकिडा

मला थोडं वेगळं बोलायचंय, धागाकर्तीनं 'का आवडत नाही' हेही विचारलंय म्हणून.

'द अनरेस्ट क्युअर' वाचून बघा. क्लोव्हिस एका चाकोरीतल्या गृहस्थाचं आयुष्य ढवळून काढायला त्याच्या घरी जातो आणि थाप मारतो की बिशपसाहेब आलेत, आज रात्री ह्या परिसरातल्या सगळ्या ज्यूंची कत्तल होणार आहे आणि ती ह्याच घरात. शेवटी काहीच होत नाही, सगळा बनाव असतो. कथा १९११ च्या संग्रहातली. नंतर युरोपात जे झालं ते माहीत असताना ही कथा मला हसत वाचता येत नाही. आणि 'तेव्हा त्याला काय ठाऊक' हे म्हणणंही पुरेसं नाही. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेवला ज्यूंच्या कत्तली झाल्या होत्या, १९०५ मध्ये रशियाभर झाल्या, आणि १९०५ मध्ये हा माणूस 'मॉर्निंग पोस्ट'चा बातमीदार म्हणून रशियातच होता. त्याला ठाऊक होतं.

मतदानाचा हक्क मागणाऱ्या बायकांचीही त्यानं टर उडवली आहे. वाचावं, जरूर वाचावं, मीही वाचतो. पण निवडक संग्रहातून अशा कथा गुपचूप गाळून 'किती खेळकर लेखक' म्हणणं मला पटत नाही. तो खेळकर नाही, निष्ठुर आहे. त्याची निष्ठुरता जेव्हा वरच्या माणसावर चालते तेव्हा कथा झळाळते, आणि खालच्यावर चालते तेव्हा आंबते.

जुनी_वही

रातकिडा, पूर्ण सहमत. शेवटचं वाक्य तर कसोटी म्हणून वापरावं असं आहे. ही कसोटी 'मिसेस पॅकलटाइड्स टायगर'ला लावून बघा, कारण ती कथा आपल्या भूमीवर घडते.

पॅकलटाइडबाईंना वाघ मारायचाय. हौस शिकारीची नाही. लूना बिंबर्टन नावाची दुसरी बाई विमानात बसून आली आणि सगळीकडे तिचंच नाव झालं, म्हणून. बाई हजार रुपये लावतात: फार धोका नको, फार दमणूक नको, वाघ मात्र हवा. एका गावाजवळ एक म्हातारा वाघ असतो, जंगलातली शिकार झेपेना म्हणून शेळ्या-मेंढ्यांवर जगणारा. हजार रुपयांसाठी अख्खं गाव त्याला जपायला लागतं. तो दुसरीकडे जाऊ नये म्हणून रानाच्या कडेला रात्रंदिवस पोरं बसवतात, स्वस्तातल्या शेळ्या सहज विसरल्यासारख्या इकडेतिकडे सोडून ठेवतात. आणि शेतावरून तान्ह्या पोरांना घेऊन परतणाऱ्या आया गाणं थांबवतात, म्हाताऱ्याची झोपमोड होऊ नये म्हणून.

त्या गाणं थांबवणाऱ्या आयांपाशी मी प्रत्येक वेळी थांबतो. ओळ हसवते, आणि हसता हसता दिसतं की हजार रुपये त्या गावाला किती मोठे होते.

गोळी लागते शेळीला. वाघ बंदुकीच्या आवाजानंच हृदय बंद पडून मरतो. हे टिपते एकटी पगारी सोबतीण, लुईझा मेबिन. गावकरी गप्प राहतात, त्यांना पैसे मिळालेले असतात. मेबिनबाई मात्र गप्प राहायची किंमत म्हणून डॉर्किंगजवळ एक टुमदार घर पदरात पाडून घेते. इथं मार वरच्या माणसावर आहे, म्हणून आजही ताजा.

पाणकावळा

आणि 'ओपन विंडो'तही हिंदुस्थान आहेच की! नटल का पळाला असं बाई विचारतात तेव्हा व्हेरा शांतपणे म्हणते, कुत्र्यामुळे असेल; गंगेच्या काठी कुठेतरी भटक्या कुत्र्यांच्या टोळीनं त्याला कबरस्तानात पळवत नेलं होतं आणि रात्रभर नव्या खणलेल्या खड्ड्यात बसावं लागलं, डोक्यावर कुत्री गुरगुरताहेत.

ह्या जागेला मी साकीची सही म्हणतो. पहिली थाप आपल्याला खरी वाटली होती. दुसरी ती आपल्या डोळ्यांसमोर रचते, एका क्षणात. पहिलीचा खुलासा मिळतो तो दुसऱ्या थापेतून. लेखक स्वतः येऊन 'अहो ती खोटं बोलत होती' म्हणत नाही. आणि मुलीचं नाव व्हेरा, लॅटिनमध्ये 'खरी'.

सांजवात

मला 'टोबरमोरी' सगळ्यात प्रिय. मांजराला बोलायला शिकवतात आणि मग कळतं की ते घरभर, सगळ्यांच्या खोल्यांबाहेर फिरत होतं. पाहुण्यांचे चेहरे कसे उतरतात! ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी ती एकदा मोठ्यानं वाचावी.

घाटवाट

लेकीला बर्था सांगितली. चाव्या वाजवल्यावर उशीत तोंड खुपसून हसली आणि 'अजून वाजव' म्हणाली. चिंचोके, धन्यवाद.

मीही एक भर घालतो. मी वर्तमानपत्रात पानं लावायचं काम करतो, त्यामुळे माझं लक्ष लांबीवर जातं. साकीच्या बऱ्याच कथा आधी 'वेस्टमिन्स्टर गॅझेट'सारख्या वर्तमानपत्रांत आल्या. जागा मोजकी. तिथं पाल्हाळाला थारा नसतो. पण कमी शब्दांत लिहिणारे पुष्कळ असतात. काय गाळायचं हे ज्याला कळतं तोच टिकतो.

'स्रेडनी वष्टार' घ्या. कॉनरॅडिन दहा वर्षांचा, आजारी. डॉक्टरांनी पाच वर्षंही काढणार नाही म्हणून सांगितलेलं. पालक म्हणून मिसेस डी रॉप. हिला आपण 'त्याच्या भल्यासाठी' त्याला अडवतो ह्यात मनातून सुख होतं. बागेतल्या खोपटात त्यानं एक कोंबडी आणि पिंजऱ्यात एक रानटी फेरेट (मुंगसासारखं शिकारी जनावर) लपवून ठेवलाय. फेरेटचा त्यानं देव केलाय, नाव स्वतः दिलंय. कोंबडी विकली जाते. मग बाई खोपट तपासायला जाते. मुलगा जेवणघराच्या खिडकीतून दाराकडे बघत उभा आहे आणि आपणही त्याच्याबरोबर तिथंच उभे आहोत. साकी आपल्याला खोपटात नेत नाही. किंकाळी नाही, रक्त नाही. बराच वेळ जातो. मग उघड्या दारातून ते लांब, बुटकं जनावर बाहेर येतं, जबड्याभोवती ओलसर काळे डाग. ओढ्यावर पाणी पितं आणि झाडीत दिसेनासं होतं.

त्यानंतर मुलगा टोस्ट भाजतो. टोस्ट त्या घरात त्याला सहसा मिळत नसे, 'तब्येतीला बरा नव्हे' म्हणून. बाहेर मोलकरणींची धावपळ, रडारड, 'पोराला सांगायचं कुणी?' आणि आत तो आणखी एक टोस्ट भाजायला घेतो. इथं कथा संपते.

खुनाचं एकही वाक्य न लिहिता लिहिलेली ही गोष्ट आहे. लोणी लावण्याचं मात्र आहे.

चिंचोके

घाटवाट, अंगावर काटा आला. ही कथा मी वर्गात कधी घेतली नाही, धीर होत नाही. वर्गात एखादा कॉनरॅडिन बसलेला असतोच.

रातकिडा

मघाशी कडक बोललो, म्हणून आता ज्या कथेसमोर मी मान तुकवतो ती सांगतो: 'द टॉइज ऑफ पीस'.

मार्च १९१४ मधल्या एका खऱ्या बातमीवरून ती सुचली. लंडनच्या ऑलिंपियातल्या प्रदर्शनात मुलांसाठी 'शांततेची खेळणी' मांडली जाणार होती, शिपाई-तोफांऐवजी साधी माणसं आणि त्यांची अवजारं. कथेतला मामा भाच्यांना तशी खेळणी आणून देतो: महापालिकेची कचराकुंडी, तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा पुतळा, ख्रिस्ती तरुणींच्या संस्थेच्या इमारतीची प्रतिकृती. पोरं बिचारी विचारत राहतात, ह्यांच्याशी खेळायचं कसं? थोड्या वेळानं मामा दाराआडून बघतो तर कचराकुंडीला तोफांची भोकं पाडलीत, मिलला लाल शाईत बुडवून सेनापती केलाय आणि संस्थेच्या इमारतीवर चढाई चालू आहे. मामा बहिणीला सांगतो, प्रयोग फसला, आपण फार उशिरा सुरुवात केली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं. मन्रो ४३ वर्षांचा होता, भरतीच्या वयापलीकडचा. तरी साधा शिपाई म्हणून गेला, अधिकारपद देऊ केलं ते घेतलं नाही. १४ नोव्हेंबर १९१६ च्या पहाटे, फ्रान्समध्ये बोमाँ-हामेलजवळ, अंधारात कुणीतरी सिगारेट पेटवली. 'विझव ती सिगारेट' असं ओरडला आणि नेमबाजाची गोळी लागली. कबर नाही, तिएपव्हालच्या स्मारकावर हजारो नावांत त्याचंही नाव आहे. शांततेच्या खेळण्यांची कथा पुस्तकात आली १९१९ मध्ये, तो गेल्यावर तीन वर्षांनी.

ही कथा मी आता हसत वाचत नाही, पण दरवर्षी वाचतो.

सांजवात

😔 हे माहीत नव्हतं.

जुनी_वही

मूळ प्रश्नाकडे. वाक्याचे माझे प्रयत्न:

'तत्काळ अद्भुतकथा रचणे ही तिची खासियत होती.' (फार सरकारी वाटतं.)

'उभ्या उभ्या गोष्ट रचण्यात तिचा हातखंडा होता.'

पाणकावळा

'उभ्या उभ्या' छान आहे. मी 'हातखंडा' काढेन, जड होतो. 'बसल्या जागी गोष्ट रचावी तर व्हेरानंच.'

चिंचोके

पण 'रचणे' आलं की लगेच खोटं उघड होतं ना? मूळ वाक्यात 'खोटं' हा शब्दच नाही, उलट कौतुक आहे. लेखक व्हेराला रागावत नाही. तिच्यात त्याला आपल्या धंद्यातलं माणूस दिसतंय. त्यामुळे 'गोष्ट' शब्द ठेवा, 'थाप' अजिबात नको.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरी पाहुणे होते. त्यातूनच उत्तर मिळालं, ते सांगते.

अण्णांचे एक जुने सहकारी, एसटीतच ड्रायव्हर होते, ते भेटायला आले. चहा झाला आणि मी स्वयंपाकघरात असताना अण्णा त्यांना 'ओपन विंडो' सांगायला लागले. मी तिथंच कान देऊन उभी राहिले. खिडकीचं परसदार झालं होतं. दलदल कृष्णेच्या काठच्या मळीची झाली होती. शिकारीला गेलेली माणसं मासे धरायला गेली होती. पाहुण्याचं नाव त्यांना आठवलं नाही, म्हणून तो 'हवापालट करायला आलेला एक मास्तर' झाला. पण व्हेराचा तो पहिला प्रश्न, 'इथं तुमच्या कुणाशी ओळखी?', तो जागच्या जागी होता, आणि तो विचारताना अण्णांनी आवाज इतका साधा ठेवला की काकांना काहीच संशय आला नाही. माणसं परसदारातून आत येताना त्यांनी नेमकी वेळ घेतली. काका म्हणाले, 'आयला.'

मग मास्तर पळाला, कुत्र्याची गोष्ट झाली, आणि अण्णा थांबले. मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

म्हणाले, 'पोरीला पाणी मागावं, तर तांब्या भरेस्तोवर गोष्ट तयार.'

काका आधी 'हं' म्हणाले. मग दोन-तीन सेकंदांनी त्यांना उलगडलं आणि मांडीवर थाप मारून हसायला लागले.

मी पुस्तकात त्या शेवटच्या ओळीशेजारी पेन्सिलीनं हेच लिहून ठेवलंय. आज रात्री 'द लंबर रूम' आहे, आत्याबाईंसकट.